चौथा टोला

६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडूनच ऐक. आधी जरा बसून घे.

इस्त्रीवाल्या बाई गेल्या. सोमवारी सकाळी साडेसातला. मागच्या गल्लीतल्या, कोळशाच्या इस्त्रीवाल्या. वेदीवरचं कापड आणि गायकांचे झगे चाळीस वर्षं त्यांच्याच हातून आले. महिनाभर अंथरुणावर होत्या. मी अधूनमधून जाऊन बसायचो. एकदा मला म्हणाल्या, "टोल्या, मी गेल्यावर किती वाजवशील?"

मी म्हटलं, "तीन."

"तीनच? मी काय तीन वर्षांची आहे का?"

दोघंही हसलो. त्या जरा जास्तच हसल्या आणि मग खोकत बसल्या. घरी येईपर्यंत माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

नियम तुला काय सांगायचा, आपण त्यावरच वाढलो. चर्चमधल्या ज्यांच्या बाकाला नावाची पितळी पाटी, ते गेले की घंटेचे वयाइतके टोले. बिनपाटीवाल्यांसाठी तीन. पित्याचा एक, पुत्राचा एक, पवित्र आत्म्याचा एक. ऐकायला किती छान वाटतं. मीही तेहेतीस वर्षं छान म्हणतच वाजवले. पण त्या दिवसापासून एकच विचार डोक्यात घुमत होता, की मग पाटीवाल्यांना पिता, पुत्र, पवित्र आत्मा पुरत का नाहीत?

सोमवारी मी दोर धरला. एक, दोन, तीन. थांबायला हवं होतं. चौथा वाजवला, ताई. एकदा चौथा वाजल्यावर पाचव्याला कसली भीती. बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांचं वय मी आधीच बघून ठेवलं होतं. शहात्तर. शहात्तर पुरे केले.

आता खरी गंमत. काचेच्या कारखान्याचे मोठे मालकसुद्धा शहात्तरच. तेही दोन महिने अंथरुणावर. सगळं गाव कान लावून बसलेलंच होतं. लोकांनी मोजले आणि ठरवलं, मालक गेले. दुकानं बंद झाली. माणसं हार घेऊन बंगल्यावर पोचली, तर मालक उशीला टेकून सूप पीत होते. कारखान्यात फोरमनने भट्टीची आग विझवायला लावली. काच वितळायच्या मोठ्या कुंडीत सगळी काच गोठली आणि कुंडी तडकली.

संध्याकाळी मला चर्चच्या कमिटीने बोलावलं. धाकटे मालक वडिलांच्या जागी अध्यक्षांच्या खुर्चीत होते. त्यांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात एकच वाक्य आहे. "इस्त्रीवाल्या बाईंच्या मृत्यूप्रसंगी माझ्या हातून चुकून जास्त टोले वाजवले गेले, त्याबद्दल मी मंडळीची क्षमा मागतो." खाली माझी सही हवी. पाळकसाहेब तो तेवीस तारखेच्या उपासनेत वाचून दाखवणार. सही केली नाही, तर महिनाअखेर चाव्या परत द्यायच्या. नोकरी गेली म्हणजे मनोऱ्याखालची खोलीही गेली.

मी विचार करून सांगतो म्हणालो. तू काय म्हणतेस?

तुझा
टोल्या


१० नोव्हेंबर

प्रिय टोल्या,

सप्रेम सलाम.

मी बसून वाचलं नाही. बोर्डिंगच्या साठ मुलींचा स्वयंपाक बसून होत नाही. उभ्यानेच वाचलं आणि भाजी करपली, ती तुझ्या नावावर.

बाईंचं वाचून वाईट वाटलं. माझ्या पहिल्या बोर्डिंगच्या फ्रॉकला त्यांनीच इस्त्री केली होती. म्हणाल्या होत्या, "तिथल्या पोरी घडीवरून माणूस ओळखतात." बरोबरच होतं त्यांचं.

बाकी तुझं मला काही पटलेलं नाही. सही करून टाक. एक ओळ तर आहे. तुझ्या सहीने बाई परत यायच्या नाहीत आणि सही न केल्यानेही यायच्या नाहीत. टोले वाजले ते वाजले, गावाने ऐकले, आता कोणी परत घेऊ शकत नाही. तुझं काम झालेलं आहे. वर आणखी छाती काढून फिरायची हौस कशाला?

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तुला खोली कोण देणार? तुला दोर ओढण्यापलीकडे येतं काय? रागावू नकोस, पण स्वतःचा चहासुद्धा तू भांड्याला चिकटवतोस. डोक्यावर बर्फ ठेव आणि विचार कर.

धाकट्या मालकांशी वाद घालू नकोस. त्यांच्या बायकोशी तर नाहीच नाही. आणि एक, मला इथे फोन करू नकोस. फोन ऑफिसात असतो. पत्रच लिही.

सही केलीस की लगेच कळव. दोन ओळी पुरेत.

तुझी
ताई


१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

सही केलेली नाही. दोन ओळींत मावणार नाही म्हणून लांब लिहितो.

काल मला बंगल्यावरून बोलावणं आलं. मोठ्या मालकांचं, धाकट्यांचं नव्हे. नर्सने मला खोलीत सोडलं आणि दार ओढून घेतलं. मालक फार वाळलेत. हातातली अंगठी निघून पडते म्हणून दोऱ्याने बांधली आहे.

म्हणाले, "मी मोजले. शहात्तर. मला वाटलं, आपण गेलो आणि मला सांगायचं राहून गेलं."

हसावं की नाही ते मला कळेना.

"कोण होतं?"

मी सांगितलं. त्यांनी दोरा बांधलेली अंगठी बोटावर फिरवली. मग म्हणाले, "माझ्या कॉलरला स्टार्च जास्त घालायची. दर वेळी सांगायचो." आणि मग, "तिला किती पडायला हवे होते?"

"नियमाने तीन."

"आणि मला?"

मी म्हटलं, "शहात्तर. एक कमी नाही आणि एक जास्त नाही."

ते म्हणाले, "बरं."

एवढंच. भिंतीकडे तोंड केलं आणि नर्स आत आली. ते "बरं" मी काल रात्रीपासून उलटंपालटं करून बघतोय. रागाचं होतं की समजुतीचं, काही पत्ता लागत नाही.

पाळकसाहेबांकडेही गेलो होतो. त्यांना म्हटलं, प्रभूच्या मेजावर आपण एकच भाकर मोडतो, एकाच प्याल्यातून पितो, तिथे पाटी विचारत नाही. मग त्याच मेजावरून उठलेलं माणूस मेलं, की दोराजवळ येऊन पाटी कुठून उगवते? ते म्हणाले, "तुमचं म्हणणं खरं आहे, पण वेळ चुकीची आहे." चांगला माणूस आहे, पण त्याला दोन्ही बाजूंच्या टाळ्या हव्यात.

तू म्हणतेस एक ओळ आहे. त्या ओळीत माझं काही अडत नाही, ताई. मी क्षमा शंभरदा मागीन. लोकांची दुकानं बंद झाली, कुंडी तडकली, त्याची मागीन, पायांवर डोकं ठेवून मागीन. अडतं ते "चुकून" या शब्दाशी. मी सही केली की शहात्तर ही चूक ठरते आणि तीन हे बरोबर ठरतं. म्हणजे बाईंचं वरचं त्र्याहत्तर वर्षांचं आयुष्य चुकून झालं, असं पाळकसाहेबांनी भर उपासनेत वाचायचं आणि मी मागच्या बाकावर बसून आमेन म्हणायचं. माझ्याच्याने होणार नाही.

आई गेली तेव्हा बाबांनी तीन वाजवले. तूच मला सांगितलं होतंस, बाबांचे हात इतके थरथरत होते की दोर धरवेना. ते दुःख होतं. त्या तिनाला मी कधी नावं ठेवली नाहीत. पण माझे हात ठणठणीत आहेत. मी तीनवर थांबलो तर कशासाठी थांबलो म्हणू?

राग मानू नकोस, पण तुझं पत्र वाचून वाटलं, इतकी वर्षं बोर्डिंगात राहून तू भित्री झालीस. पूर्वी अशी नव्हतीस.

तुझा
टोल्या


१७ नोव्हेंबर

प्रिय टोल्या,

भित्री तर भित्री.

मला सांगायचं होतं ते सांगून झालं. तू काही लहान नाहीस.

एक विचारायचं होतं. तुझ्या खोलीत खाटेखाली जागा आहे का? माझी ट्रंक काही दिवस ठेवावी लागेल कदाचित. इथे रंगकाम निघालंय. ट्रंक म्हणजे तीच, आईची, हिरवी. फार मोठी नाही.

बाबांचं आणि आईचं मध्ये आणू नकोस. पुन्हा सांगते, आणू नकोस.

ताई


२० नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

तुझ्या त्या चिटोऱ्यावर मी दोन दिवस रागावून बसलो होतो. तिला रंगकामाची पडलीय आणि इथे माझं डोक्यावरचं छप्पर जातंय, असं म्हणत होतो. तुझ्या नावाने भांडीसुद्धा आपटली.

आज पाळकसाहेब मनोऱ्यात आले. कधी येत नाहीत, जिना चढून धाप लागली होती. म्हणाले, "तुमचं ठीक आहे, तुम्ही एकटे. पण ताईंचा तरी विचार करा."

मी म्हटलं, "तिचा काय संबंध?"

त्यांचा चेहरा असा झाला, की नको ते बोलून बसलो हे त्यांनाच कळलं. मग सगळं बाहेर आलं. बोर्डिंगच्या कमिटीच्या अध्यक्षा धाकट्या मालकांच्या सौभाग्यवती आहेत हे मी विसरलोच होतो. त्यांनी पाच तारखेलाच तिकडे लिहिलं म्हणे, की भावाची सही आली नाही तर डिसेंबरपासून स्वयंपाकघरात दुसऱ्या बाई बघाव्यात.

पाच तारखेला. म्हणजे माझं पहिलं पत्र मिळण्याआधीच तुला सगळं माहीत होतं. आणि तू मला भाजी करपल्याचं लिहीत होतीस. आणि मी तुला भित्री म्हटलं.

ताई, माझी जीभ झडो. तुला काय लिहू ते सुचत नाही. तू का नाही सांगितलंस? तेवीस वर्षं तू त्या चुलीपुढे काढलीस. खोलीही तिथलीच. आपण दोघं म्हणजे दोन्ही बिऱ्हाडं एकाच खुंटीला टांगलेली, आणि खुंटी त्यांच्या भिंतीत.

मी ठरवलंय. शनिवारी चार वाजता कमिटीच्या ऑफिसात जाऊन सही करतो. बाईंना वर गेल्यावर तोंड दाखवीन तेव्हा काय सांगायचं ते सांगीन. त्या समजून घेतील. त्यांना हसायची सवय होती.

तू ट्रंक भरू नकोस. भरली असलीस तर उपस.

तुझा
टोल्या


२१ नोव्हेंबर, घाईत

टोल्या,

पत्र आत्ता मिळालं. हे पोस्टाने वेळेवर पोचायचं नाही, म्हणून पावाच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. तो शनिवारी तुमच्या बाजूला येतो. चारच्या आत पोचव म्हणून बजावलंय.

सही करू नकोस.

माझ्यासाठी तर मुळीच करू नकोस. का ते सांगते. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही, देवालासुद्धा प्रार्थनेत सांगितलेलं नाही, त्याला माहीत आहे म्हणून सोडून दिलं.

आई गेली त्या सकाळी बाबा मनोऱ्यात गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी चहा घेऊन वर गेले होते. तू सहा वर्षांचा, शेजाऱ्यांकडे बसवलेला. मी बारा. बाबांनी मला पाहिलं नाही. त्यांचे हात थरथरत नव्हते, टोल्या. ते तुला मी सांगितलं. त्यांचे हात दगडासारखे स्थिर होते.

त्यांनी तीन वाजवले. मग दोर सोडला नाही. दोर तसाच धरून उभे राहिले आणि पुढचे ओठांनी मोजले. चार. पाच. सहा. दोन टोल्यांमध्ये जेवढा वेळ सोडतात तेवढाच वेळ सोडत. एकोणचाळीसपर्यंत. आई एकोणचाळीस वर्षांची होती. माझ्या हातातला चहा गार झाला. खाली लोकांनी तीन ऐकले आणि कामाला लागले, आणि वर माझा बाप उरलेले छत्तीस तोंडातल्या तोंडात वाजवत होता.

मी विचारलं, "बाबा, ओढा ना." ते म्हणाले, "कमिटीने नाही सांगितलंय. तुम्हां दोघांना डोक्यावर छप्पर हवं ना?"

आपल्यासाठी थांबले ते. माझ्यासाठी आणि तुझ्यासाठी. मला त्यांचा इतका राग आला की त्याच वर्षी हट्ट करून बोर्डिंगात निघून गेले. सगळ्यांना वाटलं पोरीला शिकायचं आहे. तू विचारलंस, ताई, आईची घंटा लगेच का थांबली? मी म्हटलं, बाबांचे हात थरथरत होते. तुला बापाचा राग यायला नको म्हणून. मला आला तेवढा पुरे होता.

आता साठीला आले तेव्हा कुठे कळतं, की त्यांच्यावर रागवायचं नव्हतं. पण जे आपल्या नावावर गिळलं जातं, त्याचं ओझं आपल्यालाच वाहावं लागतं, हेही कळतं. सत्तेचाळीस वर्षं वाहतेय. तू माझ्या नावावर आणखी त्र्याहत्तर चढवू नकोस. मला झेपायचं नाही.

पहिल्या पत्रात मी सही कर म्हटलं ते भीतीने. तू भित्री म्हणालास, खरं बोललास. ते मनाला लावून घेऊ नकोस.

ट्रंक भरलेली आहे. उपसणार नाही.

ताई


२४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

तुझा ड्रायव्हर शनिवारी सहाला आला. वाटेत चाक बसलं होतं. चारला मी सही करून आलो होतो.

पत्र जिन्यावर बसून वाचलं. मग वर जाऊन दोर धरून उभा राहिलो. त्याला खालच्या बाजूला एक जागा आहे, गुळगुळीत झालेली. ती मी माझ्या हाताने झाली समजत होतो.

रविवारी उपासनेला गेलो. मागच्या बाकावर बसलो, दार आपटतं तिथे, बाईंच्या जागेशेजारी. ती जागा कोणी घेतली नव्हती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, देवापुढे कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही वगैरे, आणि मग खिशातून कागद काढला. "इस्त्रीवाल्या बाईंच्या मृत्यूप्रसंगी माझ्या हातून चुकून," एवढं वाचलं आणि मी उभा राहिलो.

मी ठरवून नाही उभा राहिलो. चौथा टोला जसा वाजला तसाच उभा राहिलो.

म्हटलं, "चुकून नाही. मोजून."

सगळ्या माना वळल्या. पुढच्या पाटीवाल्यांच्या आणि मागच्या बिनपाटीवाल्यांच्याही. मला वाटलं होतं निदान मागचे लोक काही बोलतील. कोणी बोललं नाही. मी म्हटलं, "सही माझी आहे, पण ती खोटी आहे. कुंडी तडकली, लोकांना त्रास झाला, त्याची मी क्षमा मागतो. टोल्यांची नाही मागत. त्या शहात्तर वर्षांच्या होत्या." एवढं म्हणून खाली बसलो. पाळकसाहेबांनी कागदाची घडी केली. त्यांना पुढचं गीत सापडेना. पानं उलटत राहिले.

बाहेर धाकटे मालक मला एकच वाक्य बोलले. "तीस तारखेला चाव्या."

म्हणजे तुझंही गेलं. मी दोनदा तुझं घालवलं, ताई, एकदा सही न करून आणि एकदा केलेली मोडून.

आणखी एक सांगतो. मनात आलंय ते तुझ्यापासून लपवत नाही. मोठे मालक आता तासातासाचे आहेत म्हणतात. तीस तारखेच्या आत गेले तर घंटा मलाच वाजवावी लागेल. ही घंटा दुसऱ्या कुणाला जमत नाही, दोर झटका देतो. कालपासून वाटतंय, त्यांच्यासाठी तीन वाजवावेत आणि खाली उतरावं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. पुरत नाहीत का? कळू दे एकदा त्यांना तीन कसे लागतात ते. बाबांच्या नावाने वाजवीन.

तुझा
टोल्या


२७ नोव्हेंबर

प्रिय टोल्या,

सप्रेम सलाम.

वाचलंस का स्वतःचं शेवटचं वाक्य? बाबांच्या नावाने म्हणे. बाबांनी कुणाचा टोला कधी खाल्ला नाही. गिळला तो स्वतःचा.

तू तीन वाजवलेस तर आनंद मलाही होईल. पाच मिनिटं. त्यानंतर मी तुझं तोंड बघणार नाही. इस्त्रीवाल्या बाई माणूस होत्या म्हणून तू शहात्तर वाजवलेस ना? की मालकांना खिजवायला? माणूस म्हणून वाजवले असशील तर ते म्हातारेही माणूसच आहेत. अंगठी दोऱ्याने बांधून पडलेत. तू त्यांना तोंडावर सांगितलंस, एक कमी नाही आणि एक जास्त नाही. शब्द दिलेला आहेस. ते बरं म्हणाले आहेत. कुठल्या अर्थाने म्हणाले ते त्यांचं आणि देवाचं.

गरिबाला मान दिला आणि श्रीमंताचा कापला, तर पाटी तीच राहिली, फक्त तू ती उलटी ठोकलीस.

माझं काय झालं ते सांगते. मंगळवारी अध्यक्षाबाईंनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. गोड बोलल्या, चहा दिला, पहिल्यांदाच. मी चहा पूर्ण प्यायले. मुलींना अजून सांगितलेलं नाही. त्या नव्या बाई येऊन बघून गेल्या. त्यांना कांदा धड चिरता येत नाही, पण स्वभावाने बऱ्या वाटल्या. मसाल्यांचे डबे मी त्यांना लेबलं लावून देतेय.

घाबरत नाहीये. खोटं कशाला, घाबरतेय. पण हलकं वाटतंय.

तुझी
ताई


१ डिसेंबर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

मोठे मालक शनिवारी सकाळी नऊला गेले. या वेळी फोरमनने टोले मोजत बसण्याआधी बंगल्यावर माणूस धाडला.

धाकटे मालक स्वतः मनोऱ्याशी आले. डोळे सुजलेले होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, मुलगा म्हणून. म्हणाले, "शहात्तर त्या दिवशी वाजवून झाले. आज शहात्तर वाजवलेस तर लोक हसतील. शंभर वाजव. शंभर वाजवलेस तर उद्याच्या चाव्यांचं मी बघतो. तुझ्या बहिणीचंही."

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी वर गेलो.

एक, दोन, तीन. खरं सांगतो, तिसऱ्यानंतर हात थांबले. अगदी थांबले. सोडून दिलं असतं तर कोणी वर येऊन ओढणार नव्हतं. त्या दोन टोल्यांमधल्या वेळात मला त्यांची अंगठी आठवली, आणि स्टार्चचं बोलणं. मग चौथा ओढला. बाईंचा चौथा जड गेला नव्हता. हा गेला. पुढे सरळ मोजत राहिलो. शहात्तर झाले आणि दोर सोडला. खालून धाकटे मालक ओरडले, "आणखी चोवीस राहिले." मी वरून म्हटलं, "साहेब, मोठ्या मालकांना मी शहात्तर कबूल केले होते. ते बरं म्हणाले होते."

त्यांनी एकदा वर बघितलं. मग गेले. चाव्यांचं काही बोलले नाहीत, म्हणजे ते ठरलेलंच राहिलं.

काल रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेब चाव्या घ्यायला आले. मी खोली झाडून ठेवली होती. म्हटलं, "दहा मिनिटं द्याल का? एक राहिलंय."

त्यांनी विचारलं, "किती?"

"छत्तीस."

कोणाचे ते त्यांनी विचारलं नाही. मनोऱ्याचं दार वाऱ्याने आपटतं, ते त्यांनी पाठ लावून धरून ठेवलं आणि मी वर असेपर्यंत तसेच उभे राहिले. त्याबद्दल मी त्यांना आधीचं सगळं माफ केलं.

बाबांचे तीन वाजलेले होते. मी चारपासून मोजायला सुरुवात केली. चार. पाच. सहा. तेवढाच वेळ सोडत. एकोणचाळीसपर्यंत. मध्ये कुठेतरी रडू आलं, पण मोजणी चुकली नाही. तुला तिथे ऐकू आलं नसणार, म्हणून लिहितोय. पुरे झाले, ताई. आईचे पुरे झाले.

चाव्या देऊन बाहेर आलो तर कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला दुकानाबाहेर उभा होता. तो बिनपाटीवाला. म्हणाला, "छत्तीस मोजले मी. इतक्या लहान वयात कोण गेलं?"

मी म्हटलं, "एकोणचाळीसची होती. आमची आई."

"कधी गेली?"

"सत्तेचाळीस वर्षं झाली."

हात तेलाने काळे होते, ते त्याने आधी फडक्याला पुसले आणि मग डोक्यावरची टोपी काढली.

त्याच्या दुकानामागे एक खोली रिकामी आहे. छप्पर एका बाजूने बसकं आहे आणि चूल धूर देते, ते तू बघशीलच. गुरुवारच्या बसने ये. हिरवी ट्रंक खाटेखाली जाते, मी हाताने मापून बघितलंय.

तुझा
टोल्या